वाचक विचारतात: पॅरिस ते रोम नक्की किती लांब?

या खेपेला युरोपातल्या प्रवासाबद्दलचे प्रश्न एवढे आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही पत्रं फार लांबलचक होती ती थोडी कापलीत.

प्रश्न: पॅरिस ते रोम अंतर एका ठिकाणी १,१०५ किमी दिसतं, दुसरीकडे १,४२० किमी. त्यात विमान तासाला आठशेच्या वर जातं म्हणतात, म्हणजे हिशोबाने दीड तासही लागायला नको, पण तिकिटावर २ तास १० मिनिटं छापलंय. यातलं खरं काय धरायचं?

सगळंच खरं आहे हो, फक्त प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतोय. १,१०५ किमी हे पॅरिसच्या मध्यापासून रोमच्या मध्यापर्यंतचं सरळ हवाई अंतर, म्हणजे चेंडूवर दोन टिंबं काढून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला तर दोरा जिथून जाईल ती वाट. १,४२० च्या आसपास जे दिसतं ते रस्त्याचं, गाडीने मों ब्लां बोगद्यातून आल्प्स पार करून गेलात तर. (हा बोगदा ११.६ किमीचा, १९६५ सालचा, आणि सध्या दुरुस्तीसाठी शरद ऋतूत महिनोन्‌महिने बंद ठेवतात, त्यामुळे गाडीने जाणाऱ्यांनी तारखा आधी बघाव्यात, नाहीतर फ्रेज्युसच्या बोगद्याकडे वळावं लागतं.) गंमत म्हणजे पॅरिस-रोम ही सरळ रेषा जवळपास मों ब्लां शिखरावरूनच जाते, म्हणजे विमान आणि गाडी दोघंही एकाच डोंगराशी येतात, एक वरून आणि एक पोटातून.

आता वेळेचं. तिकिटावर जी वेळ असते ती हवेतली नसते. विमान गेटवरून मागे ढकलायला सुरुवात होते तिथपासून दुसऱ्या टोकाला गेटवर येऊन थांबेपर्यंतची ती वेळ, एअरलाइनवाले तिला ब्लॉक टाइम म्हणतात. यात काय काय येतं बघा. पॅरिसच्या शार्ल द गोलसारख्या मोठ्या एअरपोर्टवर गेटपासून रनवेपर्यंत जायलाच दहा-पंधरा-वीस मिनिटं जातात, पुढे चार विमानं असतील तर ती वेगळी. मग उड्डाण झालं तरी लगेच ८३० चा वेग लागत नाही, दहा हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉट्सची, म्हणजे ताशी ४६० किमीच्या आसपासची मर्यादा असते, वर चढताना हळूहळू वेग वाढतो आणि उतरायला लागलं की परत तीच कहाणी उलटी. एअरबस ३२० किंवा बोईंग ७३७ चा जो ताशी ८३०-८४० चा वेग सांगतात तो दहा-बारा किलोमीटर उंचीवर स्थिर झाल्यावरचा, आणि पॅरिस-रोमसारख्या छोट्या उड्डाणात तिथे विमान असतं कितीसं, निम्मा वेळ. त्यात उड्डाण करताना वाऱ्याकडे तोंड करून करायचं असतं, म्हणजे जायचंय आग्नेयेला आणि वारा पश्चिमेचा असेल तर आधी पश्चिमेकडे उडायचं आणि मग वळायचं. रोमला उतरताना परत रांग, परत वळसा, परत जमिनीवरचं रांगणं. आणि या सगळ्यावर एअरलाइन आपली म्हणून पाच-दहा मिनिटं जास्तीची टाकते, कारण "वेळेवर पोहोचलो" हे आकड्यात छान दिसतं. म्हणून कधीकधी अर्धा तास उशिरा निघालेलं विमान फक्त पंधरा मिनिटं उशिरा पोहोचतं आणि वैमानिकाचं कौतुक होतं. त्याने वेग वाढवला असेल थोडाफार, पण बरीचशी कमाई त्या आधीच टाकून ठेवलेल्या मिनिटांची असते.

माझा एक ढोबळ हिशोब आहे तो सांगते, जेट विमानासाठी. हवाई अंतराला ८०० ने भागा आणि येईल त्यात ४० मिनिटं मिळवा. पॅरिस-रोम एअरपोर्ट ते एअरपोर्ट १,१०० किमी, म्हणजे १ तास २२ मिनिटं अधिक ४०, दोन तास दोन मिनिटं, तिकिटाच्या अगदी जवळ. माद्रिद-बार्सेलोना ४८३ किमी, हिशोबाने १ तास १६, टाइमटेबलात सव्वा तास ते १ तास २० असंच सापडेल. लंडन-अथेन्स २,४०० च्या थोडं वर, हिशोबाने ३ तास ४०, तेही बरोबर बसतं. लंडन-पॅरिसला मात्र हिशोब थोडा कमी पडतो (३४८ किमीला १ तास ६ येतात आणि प्रत्यक्षात सव्वा तासाच्या वर देतात), कारण दोन्ही टोकांना गर्दी, हीथ्रोला तर विमानं एकावर एक थरांत गोल फिरत आपल्या नंबराची वाट बघतात आणि ती वेळसुद्धा टाइमटेबलात धरलेली असते. तात्पर्य काय, अंतर निम्मं झालं म्हणून वेळ निम्मा होत नाही, ती ४० मिनिटं कुठेही जात नाहीत.

प्रश्न: माद्रिदहून लिस्बनचं विमान १० वाजता निघून १०:२० ला पोहोचतं असं बुकिंगवर दिसतंय. वीस मिनिटांत ५०० किमी? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, आणि पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे. म्हणजे प्रवास १ तास २० मिनिटांचाच. परतीचं बघा, लिस्बनहून १० ला निघालात तर माद्रिदला १२:२० वाजलेले असतील आणि तेव्हा कोणी तक्रार करत नाही की सव्वादोन तास का लागतात, हे एक आहेच.

युरोपात ढोबळपणे तीन पट्टे धरा. ब्रिटन, आयर्लंड, पोर्तुगाल एकात, मग फ्रान्स-स्पेनपासून पोलंड-हंगेरीपर्यंतचा मोठा मधला पट्टा त्यांच्या एक तास पुढे, आणि फिनलंड, बाल्टिक देश, रुमानिया, बल्गेरिया, ग्रीस आणखी एक तास पुढे. स्पेन नकाशावर लंडनच्याही पश्चिमेला सरकलेला दिसतो पण घड्याळ बर्लिनचं लावतो, त्यामुळे तिथे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी या सगळ्यांची घड्याळं एकाच क्षणी पुढे-मागे होतात, म्हणून आपसातला फरक तोच राहतो. अपवाद आइसलंडचा, ते घड्याळ बदलतच नाहीत, त्यामुळे रेक्याविक हिवाळ्यात लंडनबरोबर आणि उन्हाळ्यात एक तास मागे. कनेक्टिंग फ्लाइट असेल तर हे नीट बघा, पूर्वेकडे जाताना निघायच्या वेळेत नुसता प्रवासाचा वेळ मिळवलात तर मधला वेळ दोन तासांचा आहे असं वाटतं आणि तो निघतो एकच.

प्रश्न: फोनमधल्या नकाशावर ऑस्लो-हेलसिंकी अंतर बार्सेलोना-नेपल्सपेक्षा जास्त दिसतं, पण विमान लवकर पोहोचतं. उत्तरेकडे विमानं वेगात जातात का?

छान प्रश्न, आणि विमानाचा यात काही दोष नाही, नकाशाचा आहे. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर बसवताना वरचा भाग आडवा ताणला जातो. रेखांशाच्या एका अंशाचं अंतर विषुववृत्तावर १११ किमी असतं, ६० अंश उत्तरेला ते बरोबर निम्मं होतं, आणि ऑस्लो, हेलसिंकी दोन्ही शहरं त्या ६० च्या रेषेलाच चिकटून आहेत. म्हणून ऑस्लो-हेलसिंकी खरं अंतर सुमारे ७९० किमी आणि बार्सेलोना-नेपल्स साधारण १,०१० किमी, डोळ्यांना मात्र उलटं वाटतं.

उत्तर-दक्षिण असेल तर मोजणं फार सोपं आहे, कारण अक्षांशाचा अंश कुठेही १११ च्या आसपासच. रोम आणि कोपनहेगन जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, त्यांच्या एअरपोर्टमध्ये १३.८ अंशांचा फरक, गुणिले १११, झाले १,५३० च्या वर. हा आकडा लक्षात ठेवा, खाली पैशाच्या प्रश्नात कामाला येणारे.

प्रश्न: लिस्बनहून हेलसिंकीला जाताना कमी वेळ आणि येताना जास्त. वारा एवढा फरक पाडतो?

पाडतो. वर दहा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जेट स्ट्रीम असतो, हिवाळ्यात जास्त जोराचा, ताशी दीडशे-दोनशे किमी सहज. लिस्बन-हेलसिंकी म्हणजे युरोपातल्या लांब उड्डाणांपैकी एक, ३,३६० किमीच्या आसपास, जाताना पावणेपाच तासांच्या जवळपास आणि येताना पाचच्या पुढेमागे. पॅरिस-रोमला हाच फरक पाच-सात मिनिटांवर येतो आणि कळतही नाही.

प्रश्न: विमान सरळ रेषेतच उडतं ना? की आकाशातही रस्ते असतात?

असतात. पूर्वी तर बऱ्यापैकी ठरलेल्या हवाई मार्गांवरूनच जावं लागायचं, आता युरोपच्या बऱ्याच भागात वरच्या थरात फ्री रूट म्हणजे या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत सरळ जायची मुभा आहे. तरी लष्करी सरावाचा भाग टाळा, वादळ टाळा, कुठे हवाई वाहतूक कंट्रोलरांचा संप असेल तो देश टाळा, असं करत थोडा वळसा पडतोच.

पण वळसा किती मोठा होऊ शकतो याचं उदाहरण हवं असेल तर कॅलिनिनग्राड-मॉस्को घ्या. दोन्ही शहरं रशियाचीच, मध्ये लिथुएनिया आणि बेलारूस, हवाई अंतर १,०९० किमीच्या आसपास म्हणजे आपल्या पॅरिस-रोमएवढंच जवळपास. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोपियन युनियनने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून हे विमान आधी बाल्टिक समुद्रावर जातं, तिथून उत्तरेला वळून फिनलंडच्या आखातातून सेंट पीटर्सबर्गकडे आणि मग खाली मॉस्कोला. आधी दोन तासांच्या आत-बाहेर असलेला प्रवास अडीच-तीन तासांवर गेला. दोरा ताणून मोजलेलं अंतर तिथे आजही तेवढंच आहे, उपयोग शून्य.

प्रश्न: लंडन ते पॅरिस विमान सव्वा तास, ट्रेन सव्वादोन तास. मग लोक ट्रेनने का जातात?

कारण कोणी एअरपोर्टवर राहत नाही. युरोस्टार लंडनच्या सेंट पँक्रासहून निघते आणि पॅरिसच्या गार द्यू नॉरला थांबते, दोन्ही स्टेशनं शहराच्या पोटात, बाहेर पडलात की मेट्रो. विमानाचं म्हणाल तर हीथ्रोला पोहोचायचा वेळ, मग दीड-दोन तास आधीचं बॅग-सिक्युरिटी, मग तो सव्वा तास, मग शार्ल द गोलहून आर-ई-आर बी या लोकल ट्रेनने गावात यायला आणखी अर्धा-पाऊण तास, बेरीज करा आणि सांगा कोण जिंकलं. ट्रेनलाही पासपोर्ट तपासणी आहे, आणि ती ब्रिटिश आणि फ्रेंच दोन्ही बाजूंची चढण्याआधीच उरकतात, त्यामुळे तासभर आधी जावं लागतं, पण उतरल्यावर काही नाही, चालू पडा. एक मात्र सांगून ठेवते, शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही आणि ब्रिटनचा पॅरिसला चालत नाही, अंतर ३५० किमी असलं तरी व्हिसे दोन, आणि परत त्याच बाजूला यायचं असेल तर मल्टिपल एंट्री आहे का तेही बघा.

माद्रिद-बार्सेलोनाचंही तसंच. तिथे १९७४ पासून विमानांची शटल सेवा होती, 'पुएन्ते आएरेओ' म्हणजे हवाई पूल, ऑफिसवाले सकाळी जाऊन संध्याकाळी परत. फेब्रुवारी २००८ मध्ये हाय स्पीड लाइन पूर्ण झाली, ६२१ किमी अडीच तासांत, आणि बरेचसे प्रवासी ट्रेनकडे सरकले. फ्रान्सने तर २०२३ मध्ये कायदाच अमलात आणला की अडीच तासांच्या आत ट्रेनने जाता येत असेल तर देशांतर्गत विमान नको, त्यात पॅरिसच्या ऑर्ली एअरपोर्टहून नांत, लिओन, बोर्दो या उड्डाणांवर गदा आली.

पॅरिस-रोमला मात्र मी विमानच सांगेन. थेट ट्रेन नाही, मिलानला बदला, पॅरिस-मिलान सात तास, पुढे रोम तीन, मधली थांबण्याची वेळ धरून दिवस गेला. आल्प्स बघायची हौस असेल तर वेगळी गोष्ट. (मध्ये दरड कोसळून हीच लाइन ऑगस्ट २०२३ पासून मार्च २०२५ अखेरपर्यंत बंद होती, तेव्हा तर तोही प्रश्न नव्हता.)

प्रश्न: स्वस्त एअरलाइनचं "पॅरिस" चं तिकीट मिळालंय, एअरपोर्ट बोव्हे लिहिलाय. चालेल ना?

चालेल, पण तो पॅरिस नाही. बोव्हे पॅरिसच्या उत्तरेला ८५ किमीच्या आसपास, बसने सव्वा तास, आणि बसचं तिकीट वेगळं. फ्रँकफर्टचं हान तर शहरापासून १२० किमी, स्टॉकहोमचं स्काव्स्टा १०० किमी. तिकिटाच्या किमतीत बस मिळवा, वेळेत दोन तास मिळवा, आणि पहाटेचं विमान असेल तर त्या वेळी बस आहे का ते आधी बघा, मगच आनंद माना. रोमला एवढं टेन्शन नाही, च्यांपिनो १५ किमी आणि फ्युमिचिनो ३० किमी, दोन्ही झेपणारे.

प्रश्न: उशीर झाला तर युरोपात पैसे मिळतात आणि ते अंतरावर असतात असं ऐकलं. कोणतं अंतर धरतात, विमान उडालं ते की नकाशावरचं?

याच प्रश्नाची वाट बघत होते. युरोपियन युनियनचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार १,५०० किमीपर्यंत २५० युरो, युनियनच्या आतल्या १,५०० च्या वरच्या सगळ्या उड्डाणांना ४०० युरो, आणि बाहेर जाणाऱ्या ३,५०० च्या वरच्यांना ६०० युरोपर्यंत. मूळ नियमात हे पैसे फ्लाइट कॅन्सल झाली किंवा चढू दिलं नाही तर होते, तीन तास किंवा जास्त उशिराने पोहोचणाऱ्यांनाही ते लागू झाले २००९ च्या कोर्टाच्या निकालाने. म्हणजे पॅरिस-रोम असेल तर २५०, आणि वर मोजलेलं रोम-कोपनहेगन १,५०० ची रेषा जेमतेम ओलांडतं म्हणून तिथे ४००. लंडन-रोम १,४४४ किमी, थोडक्यात हुकलं.

आणि अंतर धरतात ते ताणलेल्या दोऱ्याचं. २०१७ ला युरोपियन कोर्टापुढे एक केस होती, रोमहून हॅम्बुर्गला जाणारे प्रवासी, मध्ये ब्रसेल्सला विमान बदललं, ते उडाले एकूण १,६५६ किमी, पण रोम-हॅम्बुर्ग थेट अंतर १,३२६. प्रवासी म्हणाले आम्ही १,५०० च्या वर उडालो तर ४०० द्या. कोर्ट म्हणालं नाही, सुरुवात आणि शेवट यांच्यातलं थेट अंतर बघायचं, कारण थेट विमानाने जाणाऱ्यालाही उशिराचा त्रास तेवढाच होतो. पटण्यासारखं आहे, माझा जीव मात्र प्रवाशांच्या बाजूने होता.

वेळेचंही असंच बारीक प्रकरण. साल्झबर्गहून कोलोन-बॉनला गेलेल्या एका विमानाची चाकं टेकली तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटं होता आणि जागेवर येऊन थांबलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं. एअरलाइन म्हणाली टेकलं ते धरा. २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की पोहोचलं कधी म्हणायचं, तर विमानाचा निदान एक तरी दरवाजा उघडला आणि प्रवासी उतरू शकले तेव्हा. त्यामुळे उशीर तीन तासांच्या आसपास असेल तर दार उघडलं की फोनमध्ये फोटो काढून ठेवा, वेळ आपोआप नोंदली जाते.

वादळ, कंट्रोलरांचा संप असली कारणं असतील तर पैसे मिळत नाहीत, जेवण आणि रात्र पडली तर हॉटेल मात्र द्यावंच लागतं. विमान बिघडलं हे कारण सहसा चालत नाही, एअरलाइनच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संपही नाही, एअरलाइनवाले पहिल्या पत्रात "असाधारण परिस्थिती" असं लिहून पाठवतात, तेवढ्यावर गप्प बसू नका. युनियनमधून निघणाऱ्या कोणत्याही एअरलाइनला हा नियम लागू, बाहेरून युनियनमध्ये येताना मात्र एअरलाइन युनियनमधली हवी. ब्रिटनने बाहेर पडल्यावरही हाच नियम स्वतःचा करून ठेवलाय, फक्त पौंडांत, २२०, ३५० आणि ५२०.

प्रश्न: युरोपातलं सगळ्यात छोटं उड्डाण कोणतं?

युरोपातलंच काय, जगातलं सगळ्यात छोटं ठरलेल्या वेळापत्रकाचं उड्डाण तिथेच आहे. स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, २.७ किमी, १९६७ पासून लोगनएअर चालवते, आठ प्रवाशांचं छोटं विमान. टाइमटेबलात दोन मिनिटांच्या आत, वारा पाठीशी असेल तर मिनिटाच्या आत, विक्रम ५३ सेकंदांचा. इथे माझा ४० मिनिटांचा हिशोब लावू नका.

प्रश्न: व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा विमानाला किती वेळ लागेल?

दोन देशांच्या राजधान्या असल्या तरी मध्ये फक्त ५५ किमी आहेत. बस किंवा ट्रेन पकडा, तासाभरात पोहोचाल.